श्रावणातली अंडी

नारायण पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात अंडं कधी आलं नाही, आणि मी मात्र जन्मभर अंडी फोडून पोट भरलं. सासूबाईंना हे माहीत होतं, पण त्याचा उच्चार घरात होत नसे. शेजारणी विचारायच्या, सून कुठे असते, तर त्या सांगायच्या, "लॅबमध्ये असते. पाणी तपासते." पाणी सोवळ्यातलं. थुंकी तपासते म्हटलं असतं तर आमच्या मजल्यावरची कुणी हळदीकुंकवाला आली नसती. संध्याकाळी मी घरी पोचले की दारातच वाक्य ठरलेलं असे, "आधी अंघोळ, मग चहा." त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मी सासू असते तर मीही तेच म्हटलं असतं.

अंडी कशाला, ते सांगते. क्षयाचा जंतू मोठा खोडकर आणि त्याहून आळशी. बाकीचे जंतू एका रात्रीत बशी भरून टाकतात, हा महिनाभर जागचा हलत नाही. त्याला खायला लागतं अंडं. ताजी अंडी धुवायची, फोडायची, गाळून त्यात क्षार आणि एक हिरवा रंग मिसळायचा, ते मिश्रण छोट्या बाटल्यांत ओतून बाटल्या तिरप्या ठेवायच्या आणि मंद आचेवर घट्ट करायच्या. पिस्ता बर्फीच्या रंगाचा उतार तयार होतो. त्या उतारावर रोग्याची थुंकी साफ करून लावायची आणि वाट बघायची. जंतू वाढला की त्यातला थोडा उचलून पुन्हा नव्या बाटल्यांत लावायचा. या वेळी काही बाटल्यांत औषध घातलेलं असतं आणि एकीत नसतं. बिनऔषधाच्या बाटलीत तो वाढणारच. औषधाच्या बाटलीतही वाढला, तर ते औषध त्याला चालत नाही, इतकी साधी गोष्ट. ही साधी गोष्ट कळायला पावसाळा उलटून जायचा.

तोपर्यंत रोगी काय करायचा? तेच औषध घेत राहायचा, जे चालत नाही.

बाहेर शहराला घाई झाली होती. खराडीच्या माळावर काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, सगळ्यांच्या हातात मोबाइल आले होते, आणि माझी भाची दिवाळीला भेटली की सांगायची, "मावशी, आमच्याकडे सगळं रिअल टाइम असतं." आमच्याकडे सगळं अंड्याच्या टाइमने. मोठ्या खासगी इस्पितळांत परदेशी यंत्रं आली होती. त्यांत नळी ठेवली की यंत्रच जंतूवर पाळत ठेवतं आणि वाढ दिसली की शिट्टी मारतं. आमची लॅब एका जुन्या ट्रस्टची. आमच्याकडे शिट्टी मारायला स्टोअरचे काका होते, आणि ते फक्त चहा आला की मारायचे.

त्या वर्षांत आम्ही एक स्वस्तातली युक्ती करून बघत होतो. हिरव्या बाटलीतच आणखी एक साधा क्षार घालायचा. जंतू जिवंत असेल तर तो क्षार खाऊन बदलतो, आणि तो बदल डोळ्यांना दिसतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी वरून रसायनाचे थेंब टाकायचे, जंतू जिवंत असला तर बाटली गुलाबी होते. मेला असला तर हिरवीच राहते. गाठी उगवायची वाट बघायला नको, यंत्र नको, परदेशातून सुटे भाग मागवायला नकोत. मला ही युक्ती फार आवडली होती. इतकी वर्षं मी मिनतवाऱ्या करून या जंतूला वाढवत होते, आणि आता पहिल्यांदा तो माझ्याशी लवकर बोलत होता.

पण एक नियम होता. गुलाबी बाटलीवरून रिपोर्ट द्यायचा नाही. जुन्या पद्धतीच्या बाटल्या बाजूला चालू ठेवायच्या, दोन्हींचं उत्तर जुळलं की मगच सरांची सही. सर म्हणजे आमच्या लॅबचे प्रमुख डॉक्टर. सावध माणूस. मसाला डोसा खातानाही आधी भाजी उघडून बघायचे. नव्या पद्धतीचं खरं-खोटं व्हायला वेळ लागतो, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. सगळ्यांचंच सगळं बरोबर होतं. मला त्या काळाचा शीण आठवतो तो त्यामुळेच. चुकीच्या माणसाशी भांडता येतं. बरोबर असलेल्या माणसांमध्ये दिवस काढायचे म्हणजे नुसतं खांदे दुखतात.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीला एक बाई लॅबच्या खिडकीशी आल्या. पन्नाशीच्या, इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स, कुठल्याशा सरकारी ऑफिसात क्लार्क. वारज्याला दोन खोल्यांत राहायच्या. हातात मुलाच्या थुंकीची डबी, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत नीट बांधलेली. मुलगा खराडीला एका कॉल सेंटरमध्ये होता. अमेरिकेतल्या लोकांची बिलं चुकली की ते फोन करत आणि हा त्यांना गोड आवाजात समजावत असे. सहा महिने क्षयाची औषधं घेऊन खोकला हटत नव्हता. वजन उतरतच चाललं होतं.

"डॉक्टरांना शंका आहे की जंतू औषधांना जुमानत नसणार," त्या म्हणाल्या. "मग इंजेक्शनं द्यावी लागतील. पण त्या इंजेक्शनांनी कान जातात म्हणे. आणि याची तर नोकरीच कानाची आहे. म्हणून ते म्हणाले, लॅबचा कागद आणा, मग बघू."

इतकं नेमकं सांगणारं माणूस आमच्या खिडकीशी फार वेळा येत नाही. मी त्यांना दिवस सांगितले. जंतू वाढायला एवढे, मग औषधाच्या बाटल्यांना एवढे. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे दिवाळीपर्यंत?"

"त्याच्या आधी होईल बहुतेक."

"आमच्या ऑफिसातसुद्धा फाइल इतके दिवस पडत नाही हो," त्या म्हणाल्या, आणि बाकावर जाऊन बसल्या. बस यायला वेळ होता.

त्यानंतर दर शनिवारी हाफ डे संपला की त्या यायच्या. विचारायच्या नाहीत काही. खिडकीतून माझ्याकडे बघायच्या, मी मान हलवायचे, त्या बाकावर थोडं टेकून निघून जायच्या. कधी मुलगाही बरोबर असे. उंच, चेहरा निम्मा रुमालात. त्याची बोलायची रीत कंपनीची. "मॅडम, आपल्या रिपोर्टचं स्टेटस काय? म्हणजे एखादी ईटीए, अंदाजे तारीख?" मी म्हटलं, "तुमचा जंतू सुट्टीवर आहे. फोन उचलत नाही." तो हसला, आणि हसल्यामुळे खोकत राहिला, म्हणून पुढच्या वेळी मी विनोद केला नाही.

आई त्याच्याजवळच झोपायच्या. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत लग्न झालेला थोरला मुलगा आणि सून. डॉक्टरांनी वेगळं झोपायला सांगितलं होतं. "वेगळं म्हणजे कुठे?" त्यांनी मला एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, खिडकी उघडी ठेवा. त्या म्हणाल्या, खिडकी आहे, पलीकडे भिंत आहे.

आषाढात त्याच्या बाटलीत गाठी दिसल्या. पांढऱ्या, कोरड्या, पोळीच्या चुऱ्यासारख्या. मला आनंद झाला, आणि दुसऱ्याच्या रोगाचा आनंद होण्याची या धंद्याची सवय मला कधीच नीट जमली नाही. आता औषधाच्या बाटल्यांत लावायचं, म्हणजे नव्या बाटल्या, म्हणजे अंडी.

आमची अंडी पूर्वी खराडीच्या पुढून यायची. एका पोल्ट्रीवाल्याशी सरांची जुनी ओळख होती. आठवड्याला ताजी अंडी, ती पण औषध न घातलेल्या खाद्यावरच्या कोंबड्यांची, कारण कोंबडीच्या पोटात औषध गेलं तर ते अंड्यात उतरतं आणि आमचा जंतू त्यानेच मरतो. त्या उन्हाळ्यात पोल्ट्रीवाला शेवटचा ट्रे घेऊन आला आणि म्हणाला, "आता कोंबड्या नाय मॅडम. जागा बिल्डरला दिली. तिथं आता ऑफिसं होणार हायेत." वाईट वाटलं असं त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि का वाटावं? तेव्हापासून अंडी आणायचं काम स्टोअरच्या काकांकडे आलं.

काका माळकरी नव्हते, पण श्रावण कडक. एरवी रविवारी मटण खाणारा माणूस श्रावणात कांद्यालाही हात लावत नसे. सोमवारी एकभुक्त, शनिवारी मारुतीला तेल. लॅबमधल्या निम्म्या लोकांचा श्रावण असायचा. आमच्या सासूबाईंचा तर बाराही महिने श्रावण. त्यामुळे त्यात वेगळं काही कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

नेमक्या त्याच दिवसांत सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. मी रजा घेतली. त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत, रेडिओवरची कीर्तनं ऐकत घरी बसले. बाटल्या माझ्या एका सहकाऱ्याने बनवल्या. चांगला हुशार माणूस, माझ्याइतकाच जुना. तो दिवस श्रावणी सोमवारचा. त्यालाही उपास. नंतर त्यानेच सांगितलं, अंड्यांचा वास नको म्हणून त्याने तोंड फिरवून, हात लांब करून, भराभरा अंडी फोडली. पिवळा बलक पसरट आहे की उभा, ही ताजेपणाची खूण बघितली नाही. नेहमीप्रमाणे दोन दिवस बाटल्या उबेत ठेवून तपासल्या. स्वच्छ निघाल्या. त्या बाटल्यांत त्या मुलाचा जंतू लावला, काही जुन्या पद्धतीने, काही क्षार घालून.

मी कामावर परतले तेव्हा गणपती तोंडावर आले होते. लक्ष्मी रोडवरून चालत जायची सोय नव्हती. क्षाराच्या बाटल्या काढायचा दिवस आला. आधी बिनऔषधाच्या बाटलीत थेंब टाकले. गुलाबी. ठीक. मग मुख्य दोन औषधांच्या बाटल्या घेतल्या, ज्यांच्यावर क्षयाच्या उपचारांचा सगळा डोलारा उभा असतो. थेंब टाकले आणि बघत राहिले. दोन्ही गुलाबी झाल्या, नुसत्या गुलाबी नाही, चांगल्या गडद. म्हणजे तो मुलगा इतके महिने जे गिळत होता त्याचा जंतूवर काही परिणाम नव्हता. डॉक्टरांची शंका खरी होती.

मी सरांकडे गेले. त्यांनी बाटल्या उजेडात धरल्या, हं म्हणाले, आणि म्हणाले, "जुन्या बाटल्यांची वाट बघू."

वाट बघायची म्हणजे काय, तर शनिवारी त्या बाई आल्या आणि मी नेहमीसारखी मान हलवली. त्या बाकावर बसल्या. त्या दिवशी तिथून पुढे बुद्धविहारात जायचं होतं त्यांना. त्यांच्याकडे वर्षावास चालू होता, पावसाळ्याचे तीन महिने संध्याकाळी सगळे जमून धम्माचं वाचन करत. वाचायची पाळी त्यांची होती. घसा बसलाय, म्हणाल्या, कसं वाचणार कोण जाणे. मी बसलेल्या घशाकडे फार लक्ष दिलं नाही, पावसाळा होता, सगळ्यांचेच घसे बसले होते.

आणि मग जुन्या बाटल्या नासायला लागल्या.

आधी एकीच्या कडेला पाणी सुटलं. दुसऱ्या दिवशी हिरवा उतार मऊ पडून खाली घसरला. मग एकामागून एक. झाकण सैल केलं की वास. अनंत चतुर्दशीपर्यंत त्या लॉटमधली एकही जुन्या पद्धतीची बाटली वाचायच्या लायकीची उरली नव्हती. जंतू वाढला की नाही, कळायला मार्गच नाही. सगळं दुसऱ्याच कुठल्या जंतूंनी खाऊन टाकलेलं.

मी रंग तपासला, क्षार तपासले, भट्टीचं तापमान तपासलं. शेवटी काकांकडे गेले. अंडी कुठून आणली होती? काकांनी अगदी मनापासून, काहीशा अभिमानाने सांगितलं.

"मॅडम, तुम्हाला श्रावणात अडचण नको, म्हणून आखाड संपायच्या आत सगळी एकदम आणून ठेवली होती की. फ्रिजमध्ये. महिन्याभराची बेगमी. श्रावणात अंड्याला हात कोण लावणार?"

कोण लावणार, खरंच. ती अंडी बाटल्यांत गेली तेव्हा तीन आठवड्यांची शिळी होती. त्यात दर गुरुवारी दुरुस्तीसाठी आमच्या भागातली वीज जायची आणि फ्रिज दुपारभर कोमट व्हायचा. शिळ्या अंड्याच्या कवचातून आत काय काय शिरतं, ते बाहेरून कितीही धुतलं तरी जात नाही. भट्टीतही चिवट असतात ते तगतात, गप्प बसतात, आणि सवडीने उगवतात. काकांना मी काय बोलणार? त्यांनी पाप टाळलं होतं, आणि आमची सोय पण बघितली होती. त्यांना समजावून सांगितल्यावर त्यांचा चेहरा एवढासा झाला. पुढे कित्येक दिवस ते माझ्याशी चहाचंसुद्धा बोलले नाहीत.

सरांकडे पुन्हा गेले. म्हटलं, जुन्या बाटल्या गेल्या, पण गुलाबी उत्तर आपल्याकडे आहे. ते म्हणाले, "तीच अंडी होती ना त्या बाटल्यांतही? नासवणारे जंतूसुद्धा क्षार खातात. गुलाबी रंग कुणी केला, तुमच्या जंतूने की कुजक्या अंड्याने?"

प्रश्न बिनतोड होता. मी म्हटलं, त्या बाटल्या काढल्या तेव्हा नासल्या नव्हत्या, जोडीची बाटली मी थेंब न टाकता ठेवली होती, तिच्यातलं काचेवर घेऊन रंगवून बघितलंय. लाल काड्या आहेत, दोरखंडासारख्या वळलेल्या, म्हणजे क्षयाचाच जंतू, त्यांच्याखेरीज काही नाही. सरांनी स्वतः सूक्ष्मदर्शकात बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मला पटतंय," ते म्हणाले. "पण पटणं वेगळं आणि सही करणं वेगळं. माझी सही गेली की त्याला इंजेक्शन सुरू होणार. हा रंग खोटा निघाला तर एका धडधाकट कानाच्या पोराला मी बहिरं केलं असं होईल. तुम्ही कराल सही?"

मला सही करायचा अधिकार नव्हता, ही सोय होती. नंतर मी त्या मुलाच्या डॉक्टरांना फोन करून तोंडी सांगितलं, रंग असा असा दिसतोय. ते म्हणाले, "मॅडम, माझाही अंदाज तोच आहे. पण अंदाजाला अंदाज जोडून मी कान घालवू शकत नाही. लेखी द्या, उद्या सुरू करतो." फोन ठेवला आणि मला इतकं थकल्यासारखं वाटलं की मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. राग असता तर उठले असते.

ताजी अंडी मिळवायला मी आणि तो सहकारी स्कूटरवरून पार शहराबाहेर गेलो, कोंबडीखालून उचललेली अंडी घेऊन आलो. पाण्यात टाकून बघितली, सगळी तळाला बसली. पुन्हा बाटल्या, पुन्हा लावणं, पुन्हा पहिल्यापासून. पितृपक्ष होता. सहकारी म्हणाला, पंधरवडा चांगला नाही. मी म्हटलं, जंतूला कळवू का?

शनिवारी बाईंना मी खरं सांगितलं. बाटल्या नासल्या, अंडी शिळी होती, श्रावण होता म्हणून आधीच आणून ठेवली होती. पुन्हा लावलंय. अजून महिना-सव्वा महिना.

त्यांनी पर्सचा बंद मनगटाभोवती गुंडाळला, सोडला.

"आमच्यात श्रावण नसतो, मॅडम," त्या म्हणाल्या.

आवाज चढलेला नव्हता. आमच्या घरी होता, लॅबमध्ये होता, काकांच्या फ्रिजमध्ये होता, आणि भोवला यांच्या घरी जाऊन. त्याच पुढे म्हणाल्या, "काकांना बोलू नका काही. माणूस चांगला आहे. मला दर वेळी पंख्याखाली बसवतो." मग घसा खाकरून त्या उठल्या आणि बसला गेल्या.

दिवाळीच्या आधी ताज्या बाटल्या बोलल्या. जुन्या पद्धतीच्या औषधाच्या बाटल्यांत गाठी, क्षाराच्या बाटल्या गुलाबी. दोन्ही जुळलं. तेच उत्तर, जे गणपतीत माझ्या हातात होतं. सरांनी सही केली. सही करताना म्हणाले, "तुमचा रंग खरा होता." मी म्हटलं, "हो." आणखी काय म्हणायचं होतं?

मुलाला इंजेक्शनं सुरू झाली. तोपर्यंत एक फुप्फुस जवळजवळ कामातून गेलं होतं, म्हणून ती जास्त काळ द्यावी लागली. जंतू हटला. कान मात्र गेले, सगळे नाही, पण बारीक आवाज, बायकांचे, फोनवरचे, ते गेले. कॉल सेंटरने त्याला काही दिवस ईमेलच्या कामावर ठेवलं आणि मग नाही ठेवलं. ही बातमी मला त्या डॉक्टरांकडून कळली. बाई येईनाशा झाल्या होत्या. रिपोर्ट मिळाल्यावर खिडकीशी कोण येतं? बाक रिकामा असला की काका तिथला पंखा बंद करायचे.

पुढचा उन्हाळा आला. एव्हाना आमच्या जुन्या-नव्या बाटल्यांची पुष्कळ उत्तरं जुळली होती, आणि सरांनी शेवटी नियम बदलला. गुलाबी बाटलीवर सही करायला लागले. थुंकीत जंतू भरपूर असतील तर आधी वाढवायचीही गरज नाही, थेट थुंकीच क्षाराच्या बाटल्यांत लावायची. त्या मुलाच्या घोळामुळे नियम लवकर बदलला असं सहकारी म्हणायचा. सर आता अंडी आली की स्वतः स्टोअरमध्ये जाऊन एखादं उजेडात धरून बघायचे.

एका सकाळी खिडकीशी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत नीट बांधलेली डबी आली. ती बांधायची पद्धत मी ओळखली आणि वर बघितलं. बाईच होत्या. इस्त्रीची साडी, पण अंगावर लोंबणारी. मागे मुलगा उभा होता. तो जरा भरला होता.

मी म्हटलं, "आता कशाला ताई? त्याचं तर बरं झालं ना?"

"त्याचं झालं," त्या म्हणाल्या. "ही माझी आहे."

त्यांना पावसाळ्यापासून खोकला होता. वर्षावासात वाचताना घसा बसायचा तो हाच. मुलाच्या धावपळीत स्वतःचं बघायला सवड झाली नाही, आणि मग नेहमीची औषधं घेऊन उतार पडेना. दोन खोल्या, भिंतीकडे उघडणारी खिडकी, आणि तो सगळा पावसाळा, ज्यात आम्ही बाटल्यांची वाट बघत होतो. मला एकदम सगळं दिसलं, आणि कुणाचं नाव घेऊन दोष द्यावा असं त्यात काही सापडलं नाही. मी डबी घेतली.

अंडी ताजी होती. थुंकी जंतूंनी भरलेली होती, थेटच लावली. बाई शनिवारी आल्या, बाकावर बसल्या. काकांनी पंखा लावला. आता मुलगा शेजारी बसायचा आणि आईची पर्स सांभाळायचा. त्यानंतर त्या आणखी एकदा आल्या, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी रिपोर्ट तयार होता. थेंब टाकल्यावर बाटल्या गुलाबी झाल्या होत्या. मुलाच्या झाल्या होत्या त्याच दोन औषधांच्या.

मी कागद पाकिटात न घालता तसाच हातात घेऊन बाकापाशी गेले. सांगितलं. इंजेक्शनं लागतील, लगेच सुरू होतील, लवकर कळलंय म्हणून फुप्फुस वाचेल. लवकर हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि मग परत घेता आला नाही.

बाईंनी कागद बघितला. सरांची सही बघितली, शेजारची तारीख बघितली. त्या ऑफिसात तारखाच बघत आल्या होत्या.

"एवढ्यात येतो होय रिपोर्ट?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

मुलगा आमच्या तोंडांकडे बघत होता. त्याने आईच्या कोपराला हात लावून विचारलं, "काय म्हणाल्या मॅडम?"

त्या त्याच्या कानाशी वाकल्या आणि आवाज जाड करून, जेवढा त्याला पोचेल तेवढा मोठा करून म्हणाल्या, "लवकर आला म्हणतायत. लवकर."

त्याने मान हलवली आणि आईची पर्स तिच्या खांद्याला लावून दिली.